चोर कोण, शूर कोण?

एसटी स्टँडवर आपण बाकावर बसलेल्या असतो. सुया, पोत, कंगवे विकणारी एखादी बाई कडेवर पोर घेऊन शेजारी टेकते आणि आपला हात आपसूक पर्सवर जातो. जातो ना? तिनं काही केलेलं नसतं. ती 'कुठली' आहे, एवढंच आपण तिच्याकडे बघून ठरवून टाकलेलं असतं.

हे त्या हाताला शिकवलं कुणी? सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारून आपल्याला मोकळं होता येणार नाही. गावकुसाबाहेर कुणाला ठेवायचं, हे आपण त्यांच्या आधीच ठरवलं होतं. पण या संशयाची रंगतदार गोष्ट झाली आणि पुढे चक्क कायदा झाला, तो इंग्रजांच्याच काळात.

मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगची 'द मॅन हू वुड बी किंग' ही १८८८ सालची कथा. शॉन कॉनरी आणि मायकेल केनचा त्यावरचा १९७५चा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. ड्रॅव्हट आणि कार्नेहन हे दोन गोरे माजी सैनिक. बातमीदार असल्याची थाप मारून छोट्या संस्थानिकांकडून पैसे उकळणं हा त्यांचा धंदा. पुढे वीस बंदुका लपवून ते काफिरिस्तानात शिरतात, माणसं मारतात आणि राजे होऊन बसतात. थापा, खंडणी, खून, सगळं करून झालं. तरी वाचताना आपण त्यांच्याच बाजूनं! शेवटी त्यांच्यासाठी हळहळतोसुद्धा. किपलिंगनं त्यांचा गर्व दाखवला, फजितीही दाखवली. पण या दोघांवरून 'गोऱ्यांची जातच चोरटी' असं काही कुणी म्हटलं नाही.

आता दुसरं पुस्तक बघा. फिलिप मेडोज टेलरची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ साली आली आणि इंग्लंडमध्ये खूप गाजली. टेलर निजामाच्या नोकरीत होता, पुढे आपल्या नळदुर्गचा कारभारही त्यानं पाहिला. त्याचा नायक अमीर अली हा गळे आवळून वाटसरूंना लुटणारा ठग. वाटमारी होत होती, माणसं मरत होती, हे खरंच. पण मौज अशी, की हा अमीर अली जन्मानं ठग नाहीच. त्याच्या आईबापांना मारून ठगांनी उचलून आणलेलं पोर ते. मोठेपणी त्याच्याच हातून नकळत सख्ख्या बहिणीचा गळा आवळला जातो. माणूस गुन्हेगार जन्मत नाही, तो घडवला जातो, हे त्या कादंबरीतच लिहिलेलं आहे. वाचणाऱ्यांनी मात्र उचललं ते भलतंच: हिंदुस्थानात गुन्हा वंशपरंपरेनं चालतो!

ही समजूत मग सरकारी कागदावर उतरली. ठगांच्या टोळीत असणं एवढ्याच कारणावरून जन्मठेप देण्याची सोय १८३६च्या कायद्यानं आधीच झाली होती. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरल्या. नावनोंदणी, पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. १८९७च्या दुरुस्तीनंतर मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. १९११च्या कायद्यानंतर हे सगळं मुंबई इलाख्यातही आलं. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट त्यातलीच. तिथल्या एखाद्या आईनं बाळाला जन्म दिला, की ते पाळण्यातच संशयित! आईच्या काळजाला यानं काय वाटलं असेल, ते कुठल्याही साहेबाच्या कादंबरीत सापडत नाही. आपल्याकडे ते जगणं मराठीत यायला लक्ष्मण माने यांचं 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' (१९८७) यावं लागलं.

३१ ऑगस्ट १९५२ला या जमाती कायद्याच्या जाचातून मुक्त झाल्या. कायदा गेला, पण आपल्या हाताची सवय काही गेली नाही. आजही गावात चोरी झाली, की आधी पारध्यांच्या पालावर जायचं, हे ठरलेलंच. पुरुष पळून जातात आणि उत्तरं द्यायला मागे उरतात बायका.

किपलिंगच्या त्या कथेत एक मुलगी आहे. तिला नावसुद्धा नाही. ड्रॅव्हटला लोक देव मानतात आणि त्याच्याशी लग्न लावायला तिला जबरदस्तीनं आणलं जातं. ती घाबरून त्याला कडकडून चावते. रक्त येतं, आणि सगळ्यांना कळतं, की हा देव नव्हे, साधा माणूस आहे. राजाचं ढोंग फुटलं ते तिच्या चावण्यानं. पण गोष्ट पुढे जाते ती त्या दोघांचीच. तिचं काय झालं, हे विचारायचं आपल्याला सुचतही नाही.

मैत्रिणींनो, मुलांना गोष्टी आपणच तर सांगतो. 'गप्प बस, नाहीतर पोतडीवाला घेऊन जाईल' हीसुद्धा एक गोष्टच असते. यातला चोर कोण आणि शूर कोण, हे कुणी ठरवलं, एवढं एकदा स्वतःला विचारूया. पुढच्या वेळी स्टँडवर हात पर्सकडे गेला, तर शेजारी बसलेली आपली लेक ते बघतेय का, तिकडेही लक्ष द्या. आणि जमलं तर थोडं सरकून त्या बाईला नीट बसायला जागा करून द्या.