अपिलाची पायरी

सत्र न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला उच्च न्यायालयात अपील करता येते. हा हक्क कायद्याने दिलेला आहे. राज्यघटनेतल्या मूलभूत हक्कांच्या यादीत ‘अपील’ हा शब्दच नाही. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७४ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१५ मध्ये आहे. जे कायद्याने दिले ते कायद्याला काढून घेता येते, असा समज यातून होतो आणि किरकोळ शिक्षांपुरता तो खराही आहे. सत्र न्यायालयाने दिलेली कैद तीन महिन्यांहून जास्त नसेल तर अपील चालत नाही. पण ज्या शिक्षेत माणसाच्या आयुष्याची वर्षे जातात, तिथे अपील ही कायदेमंडळाची मेहेरबानी राहत नाही. कलम २१ प्रमाणे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेणारी कार्यपद्धती न्याय्य असावी लागते, आणि एकाच न्यायाधीशाच्या शब्दावर कायमचा पडदा टाकणारी कार्यपद्धती न्याय्य म्हणता येत नाही.

याची कसोटी महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या खटल्यात लागली. विशेष न्यायाधीशांपुढचा हा खटला सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली थेट मुंबई उच्च न्यायालयाकडे सोपवला. वरवर पाहता आरोपीला अधिक ज्येष्ठ न्यायाधीश मिळाला. प्रत्यक्षात उच्च न्यायालयच खटला चालवू लागल्याने तिथे अपील करण्याची पायरी नाहीशी झाली. १९८८ साली सात न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने स्वतःच्याच न्यायालयाचा तो आदेश मागे घेतला. आरोपी बलाढ्य राजकारणी होता म्हणून या निर्णयाकडे संशयाने पाहिले गेले, पण त्यातले तत्त्व सामान्य आरोपीच्याच जास्त उपयोगाचे आहे.

अपिलाची खरी सुरुवात निकालाच्या प्रतीपासून होते. उच्च न्यायालयात अपील करायला साधारण साठ दिवस मिळतात, फाशीच्या शिक्षेत तीस. न्यायाधीशांनी कोणत्या साक्षीवर विश्वास ठेवला आणि कोणती निशाणी ग्राह्य धरली, हे वाचल्याशिवाय अपिलात काय म्हणायचे ते ठरत नाही. म्हणूनच कैदेची शिक्षा सुनावताच निकालाची प्रत ताबडतोब आणि विनामूल्य द्यावी, असा कायदा आहे. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ही साधी गोष्ट घडली की नाही, यावरच वाद झाला. बनावट पदवी प्रमाणपत्रांच्या या प्रकरणात सत्र न्यायालयाने फक्त न्यायालय उठेपर्यंतची कैद दिली होती, ती उच्च न्यायालयाने १९७३ साली वाढवून तीन वर्षे केली. निकालाची प्रत येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे रवाना झाली. कैद्याला ती मिळाली याची नोंद, म्हणजे त्याची सही, मात्र कुठेच नव्हती. सर्वोच्च न्यायालयात अर्ज दाखल व्हायला चार वर्षांहून अधिक उशीर झाला. शिक्षा तीन वर्षांची आणि विलंब चार वर्षांचा, एवढ्यावरून त्या अपिलाचा कैद्याला काय उपयोग उरला असेल ते समजते.

१७ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी दिलेल्या निकालात त्या कैद्याचा अर्ज फेटाळला गेला. पण तो फेटाळताना न्यायालयाने जे ठरवले ते आजही प्रत्येक तुरुंगाला बंधनकारक आहे. प्रत कैद्याच्या हाती वेळेत पडली पाहिजे आणि तुरुंगाधिकाऱ्याने तिची लेखी पोच घेतली पाहिजे. अपील लिहायला व पाठवायला तुरुंगाने सोय करून दिली पाहिजे. वकील परवडत नसेल तर न्यायालयाने तो नेमावा आणि त्याचे शुल्क सरकारने द्यावे. यातली एकही कडी तुटली तर कलम २१ चा भंग होतो. महाराष्ट्रात भाषेची कडीही यात जोडावी लागेल. सत्र न्यायालयातल्या जबान्या बहुधा मराठीत असतात, उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. त्यामुळे अपिलासाठी अनुवादासह पेपरबुक, म्हणजे खटल्यातल्या कागदांचा संच, तयार व्हावे लागते. ज्याच्या आयुष्याचा निर्णय व्हायचा, त्याला आपल्याच खटल्याचे इंग्रजी कागद वाचता येत नाहीत. निकालाचा शक्य असेल तर स्वतःच्या भाषेत, नाहीतर न्यायालयाच्या भाषेत अनुवाद विनामूल्य मागण्याची सोय कायद्यात आहे. ही गोष्ट प्रत्येक बराकीत वाचून दाखवायला हवी.

वकील मिळणे आणि वकिलाने काम करणे यांतले अंतर मोठे आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे कोठडीत असलेल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. वकील हजर नाही एवढ्याच कारणावरून अपील काढून टाकता येत नाही, नोंदी तपासून गुणदोषांवरच निर्णय द्यावा लागतो, हे बनी सिंग खटल्यात १९९६ साली ठरले. फाशी कायम करण्याच्या प्रकरणात न्यायमित्राला, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या वकिलाला, तयारीसाठी साधारण किमान सात दिवस द्यावेत आणि आरोपीला भेटू द्यावे, असे २०१९ साली अनोखीलाल खटल्यात सांगावे लागले. हजारो पानांच्या खटल्यासाठी सात दिवसांचा किमान नियम सर्वोच्च न्यायालयाला घालावा लागतो, ही चिंतेची बाब आहे. अशिलाला एकदाही न भेटता केलेला युक्तिवाद हा बचाव नव्हे. अपिलाच्या पातळीवर ही भेट सक्तीचीच असली पाहिजे.

त्यानंतर प्रश्न उरतो वेळेचा. खटला लवकर चालण्याच्या हक्कात अपीलही येते, असे १९९१ साली अंतुले यांच्याच दुसऱ्या निकालात घटनापीठाने सांगितले. तरीही अपील दाखल होते, सुनावणीसाठी स्वीकारले जाते आणि मग वर्षानुवर्षे बोर्डावर येत नाही. अशा वेळी शिक्षा स्थगित करून जामीन देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. ज्याचे अपील लवकर ऐकता येत नाही त्याला तुरुंगात ठेवून पुढे निर्दोष सोडायचे, हा न्याय नव्हे, असे कश्मीरा सिंग खटल्यात १९७७ सालीच म्हटले गेले. मुंबई लोकल गाड्यांतल्या ११ जुलै २००६ च्या बॉम्बस्फोटांत बारा जणांना २०१५ साली शिक्षा झाल्या, त्यांतल्या पाच फाशीच्या. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. त्याआधीच, २०२१ साली, त्यांतला एक तुरुंगात मरण पावला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल पायंडा म्हणून वापरण्यास स्थगिती दिली आहे आणि अंतिम शब्द अजून बाकी आहे. पण शिक्षेपासून अपिलाच्या निर्णयापर्यंत जवळजवळ दहा वर्षे गेली. मृतांच्या नातेवाइकांसाठीही ती तितकीच लांब होती.

वरची पायरीही चुकू शकते, याचा दाखला महाराष्ट्राच्याच एका खटल्यात आहे. २००३ सालच्या खून आणि बलात्काराच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीची शिक्षा दिली, आणि तीही त्यांचे म्हणणे न ऐकता. शिक्षा वाढवण्यापूर्वी आरोपीला बाजू मांडू दिली पाहिजे, हा तर अपिलाचा प्राथमिक नियम. फाशीच्या पुनर्विलोकन अर्जावर खुल्या न्यायालयात सुनावणी व्हावी, असे २०१४ साली घटनापीठाने ठरवले आणि त्या वाटेने हे प्रकरण पुन्हा उघडले. २००९ चा निकाल २०१८ साली मागे घेण्यात आला. पुन्हा झालेल्या सुनावणीत असे पुढे आले की, प्रत्यक्षदर्शी साक्षीदार स्त्रीने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या छायाचित्रांतून भलतेच चार जण ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. मार्च २०१९ मध्ये सहाही जण निर्दोष सुटले. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

या सहा जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश न्यायालयाने राज्य सरकारला दिला. तो त्या पीठाने आपल्या अधिकारात दिला, कायद्यात तशी भरपाई ठरलेली नाही. चुकीच्या खटल्यांबद्दल भरपाईचा कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ च्या २७७व्या अहवालात केली होती. नवी संहिता आली तेव्हा ती त्यात घेतली गेली नाही. विनाकारण अटक घडवून आणणाऱ्याकडून दंडाधिकारी देववू शकतो ती भरपाई त्या संहितेतही जास्तीत जास्त १,००० रुपयेच आहे, आणि अपिलात निर्दोष ठरलेल्याने आत काढलेल्या वर्षांसाठी तिच्यात कोणतेच कलम नाही.