काळ्या कोटातली आपली माणसं

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण चढावीच लागली तर सोबत कोण असतं, ते या अंकात वाचा. चंद्रपूर-गडचिरोलीचे दिवाणी वकील सिनेमातल्यासारखे टेबल आपटत नाहीत. बांधावरचा मोह कुणाचा आणि फुलं कोण वेचतं, यावर मात्र ते साक्षीदाराला तासभर घोळवतात. अर्थात साक्षीदार हजर असला तर! मोहाच्या हंगामात अख्खं गाव पहाटेच रानात गेलेलं असतं.

मालगुजारी, म्हणजे गावच्या जमीनमालकीची जुनी पद्धत, 1951 मध्ये गेली. तिचे तलाव राहिले, तंटेही राहिले. हे तंटे सोडवायला 1954-55 चा अधिकार अभिलेख काढायचा, कसरीने खाल्लेल्या पानावर भिंग धरायचं आणि पुसट झालेला एक क्रमांक लावायचा. हे काम चिकाटीने करणाऱ्यांचा मला मनापासून अभिमान वाटतो.

वनहक्काच्या दाव्यात तर गावातल्या म्हाताऱ्यांचं लिहून घेतलेलं सांगणंही पुरावा ठरतं. तिथे ऐकणारा कान तयार लागतो. सिरोंच्यात तेलुगू, धानोऱ्याकडे गोंडी, भामरागडात माडिया. पक्षकारांशी बोलता बोलता या भाषा कशा शिकलो आणि शिकताना किती हसं झालं, ते वकिलांनीच पुढे सांगितलंय.