चार वायरींचा फंडा

दिवसभर सर्व्हर, क्लाउड, एपीआय असल्या विषयांवर मीटिंगा झोडणाऱ्या आपल्यासारख्यांना एक साधा प्रश्न. कॉम्प्युटरमधून निघालेली एखादी ओळ तांब्याच्या तारेतून पलीकडे पोचताना कधी बघितलीये? नसेल, तर शे-दोनशे रुपयांत सोय होते. तिचं नाव यूएसबी टू सीरियल केबल. दिसायला अगदीच गरीब. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला चार सुट्या वायरी. माझ्या टेबलावरची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लाडकी वस्तू!

आर्डुइनो २००५मध्ये इटलीतल्या इव्रेआत जन्मला आणि इंजिनिअरिंगची डिग्री नसलेल्यांच्या हातातही इलेक्ट्रॉनिक्स आलं. त्याच्या उनो बोर्डावर यूएसबी असतं. पण प्रो मिनीसारखे छोटुकले बोर्ड किंवा ईएसपी८२६६चं सुटं मॉड्यूल, यांना यूएसबी कळत नाही. त्यांना कळते सीरियलची भाषा. बोलायची एक तार, ऐकायची एक तार, आणि एकामागून एक बिट. केबलच्या जाड टोकात दडलेली चिप मधे दुभाष्याचं काम करते. नेहमीच्या ९६०० स्पीडला सेकंदाला ९६० अक्षरं जातात, कारण अक्षराच्या आठ बिट्सना पुढे एक आणि मागे एक असे दोन पहारेकरी लागतात. आजच्या हिशोबाने बैलगाडीच. पण कुंडीतली माती सुकली एवढंच कळवायला बैलगाडी पुरते, बॉस!

लोच्या होतो तो खरेदी करताना. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, कुठेही जा, याच नावाने दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एकीच्या टोकाला नऊ पिनांचा कनेक्टर असतो. ती आरएस-२३२वाली. हे स्टँडर्ड १९६०चं, त्यात सिग्नल उणे १५ पासून अधिक १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. आपले बोर्ड जगतात ५ किंवा ३.३ व्होल्टवर. म्हणजे ती केबल थेट जोडली, तर ईएसपीला रामराम. आपल्याला हवी ती सुट्या वायरींची. "काका, ही ३.३वाली ना?" विचारलं तर उत्तर ठरलेलं: "साहेब, सगळीकडे चालते, बिनधास्त घेऊन जा!"

काकांवर विश्वास ठेवा, पण मल्टिमीटरवर जास्त. केबल लॅपटॉपला लावायची आणि जीएनडी व टीएक्स यांच्यात व्होल्टेज मोजायचं. गप्प बसलेली टीएक्स तार आपला स्वभाव सांगून टाकते: ३.३च्या आसपास, नाहीतर ५. उणे आकडा आला तर ती आरएस-२३२. वायरींच्या रंगांवर मात्र जाऊ नका. एका कंपनीची हिरवी टीएक्स असते, दुसरीची भलतीच. जोडताना टीएक्स समोरच्या आरएक्सला आणि आरएक्स टीएक्सला, कारण एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लागायला हवं. जीएनडी जीएनडीला, हे कंपल्सरी. आणि बोर्डाला स्वतःचा पॉवर असेल तर लाल वायर लोंबकळत ठेवा.

बोर्ड जोडण्याआधी माझी एक आवडती टेस्ट आहे. केबलच्या टीएक्स-आरएक्स एकमेकांना जोडा, सीरियल मॉनिटर उघडा आणि स्वतःचं नाव टाइप करा. ते परत आलं की केबल ठणठणीत. तार सोडवली की नाव गायब. फालतू वाटतं ना? आमच्या टीममधल्या एकीला दाखवलं, तर ती दहा मिनिटं तार काढत-लावत बसली.

आता जरा गंभीर. या चिपांमध्ये एफटी२३२ ही मोठी ब्रँडेड. कंपनी एफटीडीआय, ग्लासगोची. तिच्या नकला जगभर विकल्या गेल्या. ऑक्टोबर २०१४मध्ये विंडोज अपडेटमधून या कंपनीचा नवा ड्रायव्हर आला, आणि त्याने नकली चिपांचा ओळख-नंबर पुसून शून्य केला. कॉम्प्युटर केबलला ओळखेचना! ओरडा झाल्यावर काही दिवसांत तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. लिनक्सवाल्यांनी तर शून्य नंबरलाही ओळख द्यायची सोय करून टाकली. २०१६मध्ये पुन्हा नवा प्रकार: नकली चिप सापडली की तुमच्या डेटाऐवजी 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड!' असा संदेश.

नक्कल ही चोरी, यात वाद नाही. पण शिक्षा कोणाला? चिप प्लास्टिकच्या आत असते, घेणाऱ्याला दिसतही नाही. पैसे मोजलेल्या माणसाची वस्तू घरात घुसून बंद पाडायचा हक्क कुठल्याच कंपनीला नाही, असं माझं स्पष्ट मत. म्हणून मी सरळ सीएच३४० चिपवाली केबल घेतो. चिनी, स्वस्त, पण स्वतःच्या नावाने विकली जाणारी.

आणि ही केबल फक्त आर्डुइनोपुरती नाही हं. माळ्यावर पडलेला जुना वाय-फाय राउटर उघडून बघा. बऱ्याच राउटरच्या बोर्डावर चार छिद्रांची एक ओळ रिकामी असते, तोच सीरियल पोर्ट. मल्टिमीटरने आधी जीएनडी शोधा, व्होल्टेज तपासा, लाल वायर लावू नका, स्पीड ११५२०० ठेवून बघा. राउटर चालू केला की स्क्रीनवर ओळी धावायला लागतात: मेमरी किती, कुठला प्रोग्रॅम उचलला, कुठे अडकला. 'गेला' म्हणून टाकलेला डबा आपलं दुखणं स्वतः सांगतो. फक्त ज्याची वायर भिंतीतल्या सॉकेटमधून थेट पोटात जाते, असे टीव्ही वगैरे उघडू नका. तिथे आत २३० व्होल्ट असतात.