विहिरीतले मीठ पंचनाम्यात कधी येणार?

वादळानंतर उडालेली छपरे आणि मोडलेली झाडे सर्वांना दिसतात. विहिरीत शिरलेले मीठ दिसत नाही, म्हणून त्याची नोंदही होत नाही.

किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. भूजल समुद्रसपाटीहून एक मीटर उंच असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते, असा शास्त्राचा ढोबळ हिशेब आहे. बेसुमार उपशाने वरची पातळी थोडी उतरली तरी खालचे खारे पाणी कितीतरी वर चढते. रोजच्या लाटाही वाळूतून खारे पाणी आत ढकलतात. वादळात तर समुद्रच जमिनीवर चढतो. मग मीठ वरून झिरपते, आणि उघडी विहीर म्हणजे त्याला आयती वाट! ते धुऊन निघायला कधी कधी कित्येक पावसाळे जातात.

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी हे वादळ नव्हे. पण लाट विहिरींचे काय करते ते तिने दाखवले. श्रीलंकेत हजारो विहिरी खारावल्या. त्या साफ करण्यासाठी पंप लावून अतिउपसा झाला, तिथे खालचे खारे पाणी उलट वर आले. आणि तामिळनाडूच्या नागपट्टिनम जिल्ह्यात? तिथे दलितांना मदतीच्या टाकीवरचे पाणी घेऊ दिले नाही, असे मानवी हक्क संघटनांनी नोंदवले आहे. समुद्राने भेद केला नाही, तो माणसांनी केला. घटनेचे कलम १५(२) सार्वजनिक विहिरी-तळ्यांवर असा भेद करण्यास मनाई करते, हे त्या अधिकाऱ्यांना कोणी सांगायचे?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. चवदार तळ्याचा जिल्हा हाच. पंचनामा घर मोजतो, बाग मोजतो, होडी मोजतो. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याची बाग कुठली? त्याचे नुकसान वस्तीच्या विहिरीत असते, आणि तिथे तलाठ्याची लेखणी पोहोचत नाही.

आमची मागणी साधी आहे. वादळानंतर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने किनाऱ्यावरील प्रत्येक वस्तीच्या विहिरीचे पाणी तपासावे, खारटपणा आकड्यात पंचनाम्यात लिहावा, आणि पाणी गोडे होईपर्यंत टँकर त्याच वस्तीत उभा राहावा, गावच्या चावडीपुढे नव्हे. किनाऱ्यावरच्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत हा ठराव लेखी मांडावा आणि अर्जाची पोच घ्यावी.