विश्लेषण : पावसात भिजल्याने सर्दी होते का? मग ती पसरते कशी?

‘भिजू नकोस, सर्दी होईल’ हे वाक्य पावसाळ्यात घरोघरी ऐकू येते. ब्रिटनमधील सॉल्सबरी येथे १९४६ मध्ये सुरू झालेल्या सर्दी संशोधन केंद्रात हे तपासून पाहण्यात आले. स्वयंसेवकांना ओल्या कपड्यांत गार वाऱ्यात उभे करण्यात आले. त्यांना काही जास्त सर्दी झाली नाही. सर्दीसाठी विषाणू लागतो आणि तो येतो दुसऱ्या माणसाकडून.

हा विषाणू कोणता?

एक नाही, दोनशेहून अधिक आहेत. त्यांत आघाडीवर आहे ऱ्हायनोव्हायरस. त्याचेच १६० हून अधिक प्रकार आहेत, त्यामुळे एकदा सर्दी होऊन गेली तरी पुढची टळत नाही. लस नसण्याचे मोठे कारणही हेच. नाकातले तापमान साधारण ३३ अंश असते आणि तिथे हा विषाणू जोमाने वाढतो. म्हणजे गारव्याचा अगदीच संबंध नाही, असेही नाही. पावसात खिडक्या बंद होतात आणि माणसे दाटीने बसतात, तेही त्याच्या पथ्यावर पडते.

हातातून की हवेतून?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मजेशीर आहे. सर्दी झालेल्यांना निरोगी माणसांसोबत एका खोलीत १२ तास पत्ते खेळायला बसवले. निम्म्या निरोगी खेळाडूंच्या हाताला पट्ट्या किंवा गळ्याभोवती मोठी कॉलर होती, म्हणजे चेहऱ्याला हात लावणेच अशक्य. तरीही त्यांच्यातल्या १८ पैकी १० जणांना संसर्ग झाला. हात मोकळे असलेल्या १८ पैकी १२ जणांना झाला. फरक फारसा नाही. मग शेंबडाने बरबटलेले तेच पत्ते दुसऱ्या खोलीतल्या १२ जणांना दिले आणि नाका-डोळ्यांना हात लावायला सांगितले. संसर्ग एकालाही नाही!

त्याआधी व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रयोगांत मात्र हातातून नाका-डोळ्यांपर्यंत संसर्ग गेल्याचे दिसले होते. त्यामुळे हात धुणे सोडून चालणार नाही. पण बंद खोलीत शिंकणाऱ्याशेजारी तासन्‌तास बसायचे आणि फक्त सॅनिटायझरवर भिस्त ठेवायची, हे अपुरे आहे. खिडकी उघडणे आणि सर्दी झालेल्याने मास्क लावणे जास्त उपयोगी.

औषध कशासाठी?

साध्या सर्दीचा विषाणू मारणारे औषध बाजारात नाही. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून ते लागतेच असे नाही. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. बहुतेक सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते.

मुलांच्या बाबतीत ही घाई जिवावर बेतू शकते. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या सिरपमुळे वीसहून अधिक बालकांचा मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू झाला. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८ टक्क्यांहून अधिक आढळले. त्यानंतर केंद्राने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत, असे स्पष्ट केले.

मूल धापा टाकत असेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ते पाणी-दूध घेत नसेल, तर मेडिकलमध्ये नाही, थेट डॉक्टरकडे न्यावे.