चित्राखालचं नाव

आमच्या खामगावात कापसाचा बाजार मोठा, म्हणून जिनिंग-प्रेसिंगच्या भिंतीही लांबलचक. लहानपणी शाळेत जाता-येता त्या आम्ही वाचत असू. बियाण्याचं टपोरं बोंड, खताची गोणी, दंतमंजनाचं हसू, कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण. पेंटरकाका शिडीवर उभे राहून ताणलेल्या दोऱ्याला गेरू लावत, एक फटका मारत आणि सरळ रेघ उमटे. मग हातात मोजपट्टी न घेता हातभर उंचीचं अक्षर! शाळेला उशीर व्हायचा, पण पाय निघत नसे.

हे सारं आठवलं ते मुंबईत. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये ससून गोदीत कलाप्रदर्शन सुरू झालं, तेव्हा भाच्यानं आग्रहानं नेलं. 1875 साली बांधलेली ती गोदी. बाहेर मासळीचा वास, कोळणींची लगबग; आत रंगवलेल्या भिंती. कोळी बांधवांचे भलेमोठे काळे-पांढरे चेहरेही भिंतींवर चिकटवलेले. तरुण पोरं फोटो काढण्यात गुंग. ‘मामा, याला स्ट्रीट आर्ट म्हणतात,’ भाच्यानं सांगितलं. मला हसू आलं. अरे, आम्ही तर त्यातच वाढलो!

बाजारातली चित्रं कलादालनात जाणं तसं नवं नाही. अँडी वॉरहॉल आधी जाहिरातींची चित्रं काढत असे. 1962 साली त्यानं लॉस एंजेलिसच्या एका दालनात सुपाच्या डब्यांची 32 चित्रं मांडली आणि पॉप आर्टचा बोलबाला झाला. आपल्या पंढरपूरचे हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत. भूपेन खख्खरांनी 1972 मध्ये घड्याळ दुरुस्तीचं साधं दुकान पाटीसकट चित्रात आणलं. तेव्हा दालनानं रस्त्याकडून घेतलं, याबद्दल तक्रार नाही. प्रश्न इतकाच, की रस्त्याला परत काय मिळालं?

याचा विचार करणारा एक माणूस त्या आयोजकांतच होता. हनीफ कुरेशी. 2024 मध्ये त्यांचं निधन झालं. गावोगावच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांनी संगणकावर वापरता येतील असे फाँट तयार केले, आणि त्यांना त्या त्या पेंटरचंच नाव दिलं. मला ही गोष्ट मोठी वाटते.

आमच्याकडे काय झालं? फ्लेक्स आला. संध्याकाळी सांगा, सकाळी लावा. दुकानदाराला दोष कसा द्यावा? त्याला चार पैसे वाचवायचेच असतात. पण शाळांच्या, सरकारी कचेऱ्यांच्या भिंती आजही रंगतात. स्वच्छतेचे संदेश, झाडं, पाणी, लेक वाचवा. गाव कोणतंही असो, चित्र तेच, आणि काढणाऱ्याचं नाव कुठेच नाही. हे काम गावातल्या हाताला का मिळू नये? आणि कुणालाही मिळो, चित्राखाली त्याचं नाव लिहायला किती रंग लागतो? जुनी भिंत चुन्यानं पुसण्याआधी तिचा एक फोटो काढून ठेवायला किती वेळ लागतो? यासाठी समिती नको, अनुदान नको. मुख्याध्यापकांनी, नगरसेवकांनी मनावर घेतलं तरी पुरे.

मुंबईहून परतल्यावर मी पेंटरकाकांकडे गेलो. शिडी घराच्या भिंतीला टेकवलेली, तिच्यावर कपडे वाळत घातलेले. ते आता रंगकाम करत नाहीत. त्यांचा मुलगा फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे. गोदीतल्या भिंतींचं वर्णन त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रंग कोणता होता, शिडी किती उंच लागली असेल, यातलं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, ‘तठी चित्राखाली नाव राहते का गा, भाऊ?’

‘राहते, काका,’ मी म्हणालो.

‘मंग चांगलं हाय,’ ते म्हणाले, आणि आत वळून त्यांनी चहा टाकायला सांगितलं.