पाय पाहून अंथरूण

सासूबाई खाली चटईवर झोपलेल्या दिसल्या, तेव्हा वाटलं, उकडत असेल. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या दिवशी खोदून विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, नातवानं पहिल्या पगारातून गादी पाठवलीय, त्याला काही बोलू नकोस. पण रात्री उठायचं म्हटलं की माझे पाय लोंबकळतात. पडले तर?"

टेप घेऊन मोजलं. पलंग 16 इंच, त्यावर पॉकेट स्प्रिंगची गादी 10 इंच. एकूण 26 इंच! जुनी कापसाची गादी दबून जेमतेम 3 इंच उरली होती. नव्या गादीत खोट नव्हती. लेकानं बेंगळुरूहून ऑनलाइन मागवली आणि आम्ही फक्त लांबी-रुंदी कळवली. उंचीचा विचारच कुणी केला नाही.

उशिरा का होईना, मग मी शहापुरातल्या एका दुकानात जाऊन गादी समजून घेतली. दुकानदारानं कापलेला नमुनाच पुढे ठेवला. साध्या स्प्रिंगच्या गादीत सगळ्या स्प्रिंगा तारेनं एकमेकींना बांधलेल्या असतात. एकानं कूस बदलली की शेजारचा हलतो. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी पिशवीत. जिथं खांदा टेकेल, तिथलीच दबते. एकत्र कुटुंबात प्रत्येकाला स्वतःची खोली मिळावी, तसंच म्हणा ना!

मैत्रिणींनो, तुम्हीही घेणार असाल, तर या गोष्टी आधी विचारा.

"इतक्या हजार स्प्रिंगा" ऐकून भुलू नका. मोठ्या गादीत जास्त असणारच. तुलना एकाच मापाच्या गाद्यांची करा. तारेच्या गेजचा हिशेब उलटा असतो : आकडा वाढला की तार बारीक.

स्प्रिंगांवर फोमचा थर असतो आणि बहुतेकदा खड्डा पडतो तो त्यातच. म्हणून फोमची घनता विचारा. ती घनमीटरला किती किलो, अशी सांगतात. एकाच जातीच्या फोममध्ये आकडा जास्त, तो सहसा जास्त टिकतो.

पाठ दुखते म्हणून फळीसारखी कडक गादी घेऊ नका. 2003 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या 313 पाठदुखीच्या रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता.

दुकानात लाजू नका. घरी झोपता त्याच कुशीवर दहा-पंधरा मिनिटं पडून पाहा. ऑनलाइन घेत असाल, तर परत करण्याच्या अटी आधी वाचा. आणि घरात वयस्कर माणूस असेल, तर त्याला काठावर बसवून बघा. पलंगाची उंची धरून दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत, आणि काठ खचता कामा नये.

पलंगाची फळी सपाट हवी. आपल्याकडच्या पावसाळ्यात खालून हवा खेळायला फळीला भोकं असलेली बरी. ही गादी दुमडून गच्चीवर उन्हात टाकता येत नाही, की पिंजाऱ्याकडून पुन्हा भरून घेता येत नाही. चार-सहा महिन्यांनी डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवायची. उलटी मात्र विचारूनच करा. बऱ्याच गाद्यांना मऊ थर एकाच बाजूला असतो.

आमच्या घरचं काय झालं? गादी परत करायची मुदत टळली होती. सुताराला बोलावून पलंगाचे पाय 6 इंच कापून घेतले. सासूबाई काठावर बसल्या, दोन्ही तळवे फरशीवर टेकवून पाहिले, आणि म्हणाल्या, "आता कळव त्याला, आजी गादीवर झोपली म्हणून."

संध्याकाळी शेजारच्या अक्का आल्या. आपल्या "अंथरूण पाहून पाय पसरावे"ची कन्नड बहीण त्यांच्या तोंडी आलीच : "हासिगि इद्दष्ट कालु चाचबेकु!"

सासूबाई हसल्या. "ते खरं, अक्का. पण नम्म मन्याग कालु नोडि हासिगि!"

आमच्या घरी आता पाय पाहूनच अंथरूण घ्यायचं.